जंक्शनचे तीन सांधे

लोअर हॅदर्ली, सॉमरसेट
२ मे २००४

प्रिय गिल्बर्ट,

तुमचं कार्ड पोचलं. क्लिफर्डच्या उशाशी उभं करून ठेवलंय. त्याने पाहिलं की नाही सांगता येत नाही, कारण तो दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसतो आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या कुंपणाशिवाय काही नाही.

सोमवारी दवाखान्यातून घरी आणला. अर्धांगाच्या झटक्याला सात आठवडे झाले. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. बोलायचं म्हणजे 'हो' आणि 'नको', आणि त्यातही कधी हो म्हणजे नको असतं. शिवी मात्र एकच आणि अस्खलित येते. परवा पाद्रीबाबा भेटायला आले होते, त्यांनाही मिळाली. डॉक्टर म्हणतात की डोकं शाबूत आहे, पाय सुधारेल, पण माणसाने मनावर घेतलं पाहिजे. तो घेत नाही. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने बशीत ठेवून दिला, उकडलेल्या अंड्याशेजारी.

आता मुद्द्याचं. तुमच्या दोघांच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबचं मॉडेल 'ॲशकोम जंक्शन' नोव्हेंबरच्या तेरा तारखेला प्रदर्शनात मांडायचंय, आणि त्यातली जंक्शनची फळी क्लिफर्डकडे आहे. मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. फळी कोरी आहे, फक्त तुम्ही पाठवलेल्या छापील आराखड्याची गुंडाळी तिच्यावर पडलीय. काल तुमच्या क्लबातल्या रेजिनल्डचा फोन आला. फार गोड बोलला. "वहिनी, काळजी करू नका, आपण दुकानातले तयार सांधे आणून चिकटवू." तीस वर्षं क्लिफर्डने आगगाडीचा एकही रूळ दुकानातून तयार आणलेला नाही. त्याच्या जागी तयार रूळ लागले हे त्याला कळलं, तर तो त्या खिडकीपासून पुन्हा कधी हलणार नाही. मला याचीच भीती आहे, दुसरी कसली नाही.

म्हणून जंक्शनवरचे तिन्ही सांधे, जिथे एका रुळातून दुसरा फुटतो ते, मी बनवणार आहे. मला येत नाही. तुम्ही पत्रातून शिकवा. टेलिफोनवर नको, टेलिफोन त्याच्या खोलीत आहे.

हेस्टर लव्हिबाँड

*

बिशप्स नॉल, श्रॉपशर
९ मे २००४

प्रिय हेस्टर,

पत्र वाचून आधी घाबरलो आणि मग केटली विसरलो, तिचा तळ गेला. तुम्ही हे करू शकाल का, हे विचारू नका. क्लिफर्डची पहिली दहा वर्षांची कामं मी पाहिलेली आहेत. त्यांच्यावरून गाडी जायची ती देवाच्या दयेने.

काम असं. आराखड्याचे चारही कागद फळीवर ओळीने चिकटवायचे. त्यावर प्रत्येक स्लीपरची, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीची, जागा छापलेली आहे. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्ट्या त्या मापाच्या कापून तिथे तिथे बसवायच्या. मग रूळ ठेवायचा आणि काविया, म्हणजे डाख द्यायची ती विजेची सळई, तापवून कथलाचा डाख द्यायचा. कमी डाख. तुम्हाला वाटेल त्याच्या निम्मा. जिथे दोन रूळ एकमेकांना मिळून टोक होतं, त्याला आम्ही नाक म्हणतो. ते कानशीने घासून करायचं. चार खराब होतील, पाचवं चांगलं येईल.

क्लिफर्डच्या खणात पितळेची गोल मापं आहेत. दोन रुळांवर माप बसवलं की अंतर बरोब्बर राहतं. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: कागद आणि पितळ यांचं भांडण झालं तर पितळेचं ऐका. कागद ओलाव्याने फुगतो, आकसतो. पितळ खोटं बोलत नाही.

रेजिनल्डला मी सांभाळतो.

तुमचा,
गिल्बर्ट थॅकरे

*

६ जून

प्रिय गिल्बर्ट,

कागद गेले. डिंक मी चांगला सढळ हाताने लावला, आणि सकाळी सगळ्या आराखड्याला फोड आले होते. ओढून काढताना फाटले. तर्जनी भाजली ते वेगळंच. क्लिफर्डने बोटावरची पट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "ओव्हन." त्याला सांगितलंय की शेडमध्ये टोमॅटोची रोपं करते आहे. मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मी फार तपशिलात बोलते. रोपांच्या जातीसुद्धा सांगितल्या.

आराखडे पुन्हा पाठवाल का? रोज आठवडे मोजते. पाच महिने आणि एक आठवडा उरलाय, आणि हाती एक स्लीपर नाही.

हेस्टर

*

१४ जून

प्रिय हेस्टर,

माझं छपाईचं यंत्र मुलीकडे गेलंय, तिच्याकडून ते परत येणं कठीण. सोबत तबकडी पाठवतो. आराखडा तिच्यात आहे, कुठल्याही संगणकावर छापून मिळेल. फोडांचं मनाला लावून घेऊ नका, माझ्या पहिल्या फळीवर मी वॉलपेपरची खळ वापरली होती आणि ती उंदरांनी खाल्ली.

गिल्बर्ट

*

२७ जून

प्रिय गिल्बर्ट,

वाचनालयातल्या ऑड्रीने छापून दिलं. फार मदत करते बिचारी. पहिल्यांदा कडा कापल्या जात होत्या, तर तिनेच कुठलंसं बटण दाबून सगळं कागदात नीट मावेल असं करून दिलं. या वेळी डिंक मोजून लावला आणि वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. मस्त सपाट बसलंय. शेवटी फळीवर दोन-तीन बोटं जागा उरली, तिथे तुम्ही लोक झुडपं लावत असाल असं मी धरून चालले आहे.

पहिल्या सांध्याचे सगळे स्लीपर बसले. चौतीस. पण रूळ लावताना एक होतंय. एक रूळ छापील रेघेवर ठेवला आणि पितळी माप लावलं, की दुसरा रूळ रेघेच्या जरासा बाहेर पडतो. फार नाही, नखाच्या जाडीएवढा. पण प्रत्येक ठिकाणी. माझा हात चुकतोय का?

क्लिफर्ड आज पायरीपर्यंतही चालला नाही. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई चित्रं दाखवतात: मांजर, चमचा, घोडा. त्याने त्यांना त्याची ती शिवी दिली. बाई म्हणाल्या, उच्चार छान आहे.

हेस्टर

*

३ जुलै

प्रिय हेस्टर,

हात चुकत नाहीये. हेच ते कागद आणि पितळेचं भांडण. रेघेकडे बघू नका, मापावर विश्वास ठेवा आणि पुढे चला. मला तुमचं फार कौतुक वाटतं, हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

गिल्बर्ट

*

२२ ऑगस्ट

प्रिय गिल्बर्ट,

सात आठवडे तुमचं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना?

पहिला सांधा झाला, दुसरा अर्ध्यावर आहे. पण काहीतरी बिघडतंय. क्लिफर्डच्या मालगाडीचा कोळशाचा डबा सांध्यावरून ढकलला, तर तीनदा ढकलल्यावर दोनदा जातो आणि तिसऱ्यांदा नाकापाशी उडतो. मी नाक सहा वेळा नव्याने घासलं. डोळ्यांवर भिंग लावून बसते. झोपेत कानशीचा आवाज येतो. फळीची लांबी, रुळांची लांबी सगळं पुन्हापुन्हा पाहते आणि कुठे चुकतंय ते दिसत नाही.

वाचेच्या बाई आता पंधरा दिवसांतून एकदाच येणार. "ते साथ देत नाहीत, मिसेस लव्हिबाँड." मी त्यांना दारापर्यंत सोडून परत आले तेव्हा क्लिफर्ड डोळे मिटून होता, झोपलेला नव्हता. त्याला ऐकू गेलं होतं. मला वाटतं तो हळूहळू घरातून निघून चाललाय आणि मी शेडमध्ये रूळ घासत बसलेय. हे बरोबर आहे का ते मला कळत नाही. पण तेरा नोव्हेंबरला त्याला खुर्चीतून नेऊन त्या फळीसमोर उभा करायचाय. एवढं एकच डोळ्यांपुढे आहे, तेही गेलं तर मी काय करू?

तुम्ही लिहा. दोन ओळी लिहा.

हेस्टर

*

५ सप्टेंबर

प्रिय हेस्टर,

मी ठीक आहे. थोडा गुडघा. क्लबात नेहमीचीच बडबड, विशेष काही नाही. डबा उडतो तर नाकाजवळची फट पाहा. घाई करू नका, तारखेचं ओझं घेऊ नका. काम चांगलं चाललंय, ते चालू ठेवा.

गिल्बर्ट

*

३ ऑक्टोबर

गिल्बर्ट,

संपलं सगळं.

आज मी चर्चमध्ये कापणीच्या सणाला भोपळे मांडायला गेले होते. दोन तास. परत आले तर त्याची खुर्ची रिकामी. घरभर हाका मारल्या. शेडचं दार उघडं होतं. तो स्टुलावर बसला होता, डाव्या हातात तापलेला काविया. माझा पहिला सांधा उखडलेला. सगळा. दुसऱ्यालाही हात घातला होता. चार महिन्यांचं काम, गिल्बर्ट.

मी ओरडले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यात कधी ओरडले नव्हते इतकी ओरडले. तोही ओरडला, तेच, त्याला येतं तेच, पुन्हापुन्हा, आणि कावियाने फळीकडे दाखवत होता. मी काविया हिसकावून घेतला, फळीवर होतं नव्हतं ते हाताने बाजूला लोटलं आणि त्याला दंडाला धरून घरात आणलं. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही, तो तर बोलतच नव्हता.

मला समजलंय. त्याच्या फळीवर माझा हात त्याला सहन झाला नाही. मी नाकं वाकडी घासली असतील, डाख जास्त दिला असेल. पण मी ते त्याच्यासाठी करत होते. रेजिनल्डला सांगा, दुकानातले सांधे आणा म्हणावं. मी हरले.

हेस्टर

*

७ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

हे पत्र हातात घेऊनच शेडमध्ये जा. जाणार नाही असं म्हणू नका, जा.

उखडलेले रूळ पाहा. वाकलेत का? रागाने उपटलेला रूळ वाकतो. डाख वितळवून काढलेला सरळ राहतो. स्लीपरवरचा डाख पाहा, पुसलेला आहे का तसाच आहे.

मग मोजायची पोलादी पट्टी घ्या. प्रत्येक कागदाच्या कडेला एक रेघ छापलेली असते, तिच्याखाली 'शंभर मिलिमीटर' असं लिहिलेलं. ती मोजा. तुमचं जूनचं पत्र मी काल पुन्हा काढलं. ऑड्रीने दाबलेलं बटण, शेवटी उरलेली जागा, प्रत्येक ठिकाणी रेघेबाहेर पडणारा रूळ. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी तुम्हाला पितळेवर विश्वास ठेवायला सांगितलं. आम्हा लोकांची ही मुरलेली खोड. पितळ रुंदी सांभाळतं, लांबीबद्दल त्याला काही कळत नाही. कागदात मावावा म्हणून छापताना आराखडा आकसला असेल, तर रुंदी खरी आणि लांबी खोटी झाली. असल्या सांध्यावर डबा उडणारच. चूक माझी आहे, तुमची नाही.

आणि हेस्टर, तो शेडपर्यंत गेला कसा?

गिल्बर्ट

*

११ ऑक्टोबर

प्रिय गिल्बर्ट,

शहाण्णव.

चारही कागदांवर शहाण्णव. मीटरभर फळीत चार सेंटिमीटर गेले होते. ती माझी झुडपांची जागा.

रूळ सरळ होते. एकही वाकलेला नाही. लांबीप्रमाणे ओळीने लावून ठेवले होते, त्यातले निम्मे मी लोटून जमिनीवर पाडले. स्लीपर पुसलेले. आणि पोलादी पट्टी बाकाखाली सापडली, म्हणजे ती त्याने कागदावर मांडून ठेवली होती आणि मला तीच दाखवत होता. मी ती बघितलीसुद्धा नाही.

दारापासून शेडपर्यंत एकतीस पावलं आहेत. मी आज मोजली. वाटेत दोन पायऱ्या. काठी घेऊन एकटा गेला तो. जो माणूस पायरीवर येत नव्हता त्याने ते केलं आणि मी त्याला गुन्हेगारासारखा दंडाला धरून परत आणला.

मी आत गेले आणि त्याच्यासमोर ती पट्टी धरली. म्हटलं, "शहाण्णव." तो म्हणाला, "नको." पण मान हो म्हणत होती. मग मी त्याची माफी मागितली आणि टोमॅटोंचंही सांगून टाकलं. त्यावर तो हसला. टोमॅटो त्याने कधीच खरे मानले नव्हते, असं दिसतंय.

ऑड्रीकडून पुन्हा छापून आणलं. या वेळी कागद आधी त्याच्यापुढे ठेवला, त्याने रेघ मोजली, मगच डिंकाची बाटली मला दिली. आता असं चालतं: तो डाव्या हाताने रूळ मापावर धरतो, मी डाख देते. डाख जास्त झाला की नाकातून आवाज काढतो. दिवसाला तीन-चार स्लीपर होतात. त्याचा तो रबरी चेंडू मी बाकावर ठेवला होता, तर उजव्या हातात घेऊन बसला होता. दाबत होता का ते मी बघितलं नाही, मुद्दाम.

पण तेरा तारीख, गिल्बर्ट. मी रोज हिशेब मांडते. एकही दिवस वाया गेला नाही तर अकरा तारखेला तिसरा सांधा होईल. फळी नेमकी कधीपर्यंत पोचायला हवी? मला खरं सांगा. आता जर हे हुकलं, आणि त्याला कळलं की त्याची जागा भरली गेली, तर तो परत त्या खिडकीशी जाऊन बसेल. आता तर ते मला अजिबात झेपणार नाही.

हेस्टर

*

३० ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

ऑगस्टमध्ये क्लबाची बैठक झाली. रेजिनल्ड म्हणाला, "अर्धांगवाला माणूस आणि त्याची बायको, यांच्या भरवशावर प्रदर्शन ठेवायचं का?" मतं घेतली. जंक्शनची नवी फळी करायची, दुकानातले सांधे लावायचे असं ठरलं. ती सप्टेंबरातच तयार झाली. मी विरोध केला असं लिहायला मला फार आवडलं असतं. मीही हात वर केला. सगळ्यांनी केला म्हणून केला.

तुम्हाला लिहायला बसलो की तुमचं पत्र समोर यायचं. एवढं एकच डोळ्यांपुढे आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. ते मी कसं काढून घेऊ? म्हणून गुडघ्याचं लिहिलं. गुडघा उत्तम आहे. तुमच्या फळीची तिथे कोणी वाट पाहत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या वेळीही कदाचित सांगितलं नसतं.

माफी मागायची माझी लायकी नाही.

गिल्बर्ट

*

२१ नोव्हेंबर

गिल्बर्ट,

तुमचा इतका राग आला होता की तुमचं कार्ड उशाशेजारून उचलून चुलीत घातलं. त्यात मेंढ्यांचं चित्र होतं, मेंढ्यांचं वाईट वाटलं. तुम्ही येऊन भेटावं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. ठरलं की कळवेन.

तुमचं पत्र मी दोन आठवडे एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. त्याला काही सांगितलं नाही. तो रोज सकाळी नाश्ता झाला की काठी उचलायचा आणि मी त्याच्या मागे. मला वाटायचं, आज त्याचा चेहरा किती मोकळा दिसतोय, उद्या सांगू. तोही घाई करत होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात तेरा तारखेला पेन्सिलने खूण केली होती, डाव्या हाताने, वेडीवाकडी.

अकराला तिसऱ्या सांध्याचे पाच स्लीपर घाईत उरकले. डाख ओघळला होता, आम्हा दोघांनाही दिसत होतं, तरी तसाच ठेवला. बाराला सांगणं आणखी पुढे ढकलण्यासारखं नव्हतं, कारण तो कोट शोधायला लागला. चांगला कोट. उद्या प्रदर्शनाला घालायचा.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बैठक, रेजिनल्ड, नवी फळी, दुकानातले सांधे. तुम्ही हात वर केला तेही सांगितलं, ते लपवायचं कारण मला दिसलं नाही. सांगताना मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, तो खचला तर धरता यावा म्हणून. मे महिन्यापासून ज्याला भीत होते ते आता होणार, एवढंच डोक्यात होतं.

तो फळीवर वाकला. एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. त्या पाच स्लीपरांपाशी थांबला. मग तो बोलला, गिल्बर्ट. एकेक शब्द शोधून, मध्ये इतकं थांबून की मला वाटलं संपलं, पण त्याच क्रमाने, एकही शब्द न चुकता.

"मग घाई नाही," तो म्हणाला. "आता नीट करू."

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी त्याच्या पाठीवरचा हात काढेपर्यंत त्याने कावियाचं बटण दाबलं होतं. मी आत गेले, चहा ठेवला, आणि केटलीला आधण येईपर्यंत तिथेच उभी राहून रडले. चहा घेऊन परत आले तेव्हा माझ्या पाचातले तीन स्लीपर त्याने काढले होते आणि चौथा तापवत होता.

हेस्टर